घरात नेट नाही

१

इन्शिराहच्या घरातली सगळ्यात मानाची जागा म्हणजे दिवाणखान्यातलं काचेचं कपाट. त्यात तिच्या लग्नातल्या कपबश्या आणि सोनेरी काठाच्या थाळ्या होत्या, आणि त्यातलं एकही भांडं आजवर कुणाच्या ओठाला लागलं नव्हतं. राउटर ठेवला होता या कपाटाच्या डोक्यावर, क्रोशाच्या विणलेल्या रुमालाखाली. तिचा नवरा शहाता येताजाता म्हणायचा, "अगं, यंत्र आहे ते, नवरी नव्हे. तोंडावरचा पदर काढ त्याच्या."

नेटचा पॅक महिन्याचा घ्यायचा आणि तो महिना पुरायचा नाही, ही इजिप्तमधल्या पोर्ट सईदच्या घरोघरची रड. पण इन्शिराहकडे त्याला एक नाव-गाव असलेलं कारण होतं. हज्जा एतमाद. वयस्क बाईला इकडे मानाने हज्जा म्हणतात. डक्टच्या, म्हणजे इमारतीतल्या हवेच्या उभ्या पोकळीच्या, पलीकडच्या बिऱ्हाडात एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या, गोड जिभेच्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा इन्शिराहनेच त्यांच्या फोनमध्ये आपला पासवर्ड घालून दिला होता. शेजारणीला एवढंही करायचं नाही, तर मग माणूस म्हणून राहायचं कशाला? पण हज्जांची एक खोड होती. मालिका लावायची आणि झोपून जायचं. म्हातारी घोरत असायची आणि भागामागून भाग आपले चालू.

महिना अर्ध्यावर आला की पॅक संपायचा. आणि तेव्हाच नेमका हातिमचा कॉल यायचा. हातिम तिचा एकुलता एक, मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत काम करणारा. पडद्यावर त्याचा चेहरा यायचा, तोंड उघडायचा आणि तसाच थिजायचा. उघड्या तोंडाच्या त्या लेकराकडे बघत इन्शिराह 'हॅलो, हॅलो' करत बसायची.

त्या दिवशी असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर तिने मनाचा हिय्या केला. टॅबवर राउटरचं पान उघडलं. मागच्या सुट्टीत हातिमनेच शिकवलं होतं, "इथं जुना, इथं नवा, आणि मग हे दाबायचं. घाबरू नकोस आई, स्फोट होत नाही." तिने नवा पासवर्ड टाकला आणि दाबलं. राउटरचे दिवे एकदम गेले. मग एकेक करून आले.

डक्टमधून हज्जांच्या मालिकेचा आवाज येत होता, कुणी नायिका रडत होती. तो हुंदक्याच्या मधोमध तुटला.

इन्शिराहला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. दुसऱ्याच्या ताटातली भाकरी आपण त्याच्या देखत उचलावी तसं वाटलं, आणि ती उगाचच भांडी घासायला बसली.

२

थोड्याच वेळात दार वाजलं. हज्जा एतमाद फोन हातात धरून उभ्या होत्या, चष्मा कपाळावर.

"उम्म हातिम, बघ गं जरा. हे मेलं गोल गोल फिरतंय नुसतं." पोराच्या नावाने आईला उम्म, बापाला अबू अशी हाक मारायची इथली रीत, त्यामुळे सारा जिना इन्शिराहला उम्म हातिम म्हणूनच ओळखायचा.

इथे सरळ सांगता आलं असतं. हज्जा, पॅक पुरत नाही हो, थोडं जपून वापरा. पण शेजारणीला तोंडावर नाही म्हणणं तिच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं.

"आमचंही गेलंय हज्जा," ती म्हणाली. "राउटरच जळला."

"जळला? अरे देवा! आग-बिग?"

"नाही नाही, आतल्या आत." हज्जांची नजर तिच्या खांद्यावरून आत जातेय असं तिला वाटलं. आत कपाटावर हिरवे दिवे छान लुकलुकत होते. ती दारात आडवी उभी राहिली, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हातिमच्या जिवाची शपथ, घरात थेंबभर नेट नाही."

हज्जांनी तोंडावर हात धरला. "अगं बाई! पोराची शपथ कशाला? मी काय तुला खोटी म्हणतेय?" मग त्यांचे डोळे भरून आले. "पण मग तू हातिमशी बोलतेस कशी?"

"नाहीच बोलत," इन्शिराह म्हणाली.

दार लावून ती मागे वळली, तर शहाता खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता. गुडघे गेल्यापासून त्याला बघण्यावाचून दुसरं काम नव्हतं.

"छान," तो म्हणाला. "आता स्वतःच्या घरात चोरासारखं कुजबुजायचं. आणि शपथ कुणाची, तर पोराची. माझी घ्यायचीस की. मी तरी म्हातारा झालोय."

"गप रे अबू हातिम. तोंडात आलं, गेलं. देव काय हिशेब मांडून बसलाय?"

पण जीभ तिने चावली होतीच, आणि ती रात्री उशिरापर्यंत दुखत राहिली.

३

हातिमचा कॉल दुसऱ्याच दिवशी आला, आणि इतका स्वच्छ कॉल यापूर्वी कधी आला नव्हता. एरवी त्याच्या मागे इंजिनाची घरघर असायची, चेहऱ्याचे चौकोन चौकोन व्हायचे. आता त्याच्या गालावरचा जुना व्रणसुद्धा दिसत होता.

"बघ," तिने शहाताला टॅब दाखवला. "झालं की नाही माझ्या करण्याने भलं?"

"पोरगं भरलंय अंगाने," शहाता खूश होऊन म्हणाला.

हातिम बोलायचा मात्र कमी. प्रश्नच जास्त. काय केलंयस आज? बाबा कुठे बसलेत? माझ्या खोलीत कुणी झोपतं का? जहाजाचं, समुद्राचं, मुकादमाचं काहीच नाही, नाहीतर एरवी मुकादमाला शिव्या घातल्याशिवाय त्याचा कॉल सुरू होत नसे. मागे नुसती भिंत. खाली हिरवा तेलरंग, वर चुना. असा रंग जहाजावरही असतो, दवाखान्यातही असतो, शाळेतही असतो. इन्शिराहने मनाला तसं सांगून टाकलं.

आवाज बारीक ठेवून, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून ती बोलायची. समोरच डक्टची खिडकी, आणि हातभर अंतरावर हज्जांची. एकदा बोलता बोलता पलीकडे फोडणीचा वास सुटला. हज्जा मुलूखियाची पालेभाजी करत होत्या. लसूण-धण्याची फोडणी भाजीवर ओतताना बाईने मोठ्यांदा श्वास आत ओढायचा, तो नाही ओढला तर भाजीला चव येत नाही, असं इथल्या बायका मानतात. हज्जांचा तो श्वास तीन मजले ऐकायचे. "हाऽऽ!" खिडकीतून आला. आणि लगोलग टॅबमधून, हातिमच्या बाजूने, तसाच, "हाऽऽ!"

हातिम हसला नाही. नुसता बघत राहिला.

आवाज इकडून जातो, तिकडे आदळून परत येतो, हे तिला त्यानेच कधीतरी समजावलं होतं. म्हणजे तेच असणार. तिने खिडकी लावून घेतली.

पण पुढच्या खेपेला खिडकी बंद होती, टॅब मांडीवर होता, आणि तो श्वास आधी टॅबमधून आला. मग, एक घोट गिळायला लागेल एवढ्या वेळाने, बंद खिडकीपलीकडून पुसट ऐकू आला.

आधी परत आला आणि मग गेला? ती हातातली कोथिंबीर तशीच धरून बसली. शहाताला सांगावं असं तिच्या मनात आलं. पण तो म्हणाला असता, चोरून बोलणाऱ्याला भलतंसलतं ऐकू येतंच. आणि ते त्याचं म्हणणं चूक ठरलं नसतं.

४

हज्जांची ताटं येऊ लागली. एक दिवस तांदळाची खीर, वर दालचिनी. "पोराशी बोलणं नाही, काही नाही. निदान तोंड तरी गोड कर, उम्म हातिम." एक दिवस भरल्या कोबीची पानं. इकडे शेजारणीचं ताट रिकामं परत पाठवत नाहीत, म्हणून इन्शिराहला बदल्यात काही करावं लागे. ती रव्याचा बस्बूसा करायची, मासा-भात करायची, तूप सढळ घालायची आणि डक्टच्या खिडकीतून ताट पुढे सरकवताना नजर ताटावरच ठेवायची. आपण किती कोत्या मनाच्या आहोत, ते त्या म्हातारीच्या खिरीने तिला रोज नव्याने कळत होतं.

"एवढ्या तुपात दुसरा पॅक आला असता," शहाता म्हणाला. "जा, सांगून टाक. फार तर चार दिवस बोलणार नाही ती."

"काय सांगू? पोराची खोटी शपथ घेतली म्हणून? तोंड कुठे लपवू मग?"

त्याच दिवशी असरनंतर कॉलवर हातिम म्हणाला, "आई, नवा पासवर्ड काय ठेवलास?"

"तुला कशाला रे? तू समुद्रात."

"घरी आलो की लागेल. आल्या आल्या विचारत बसायला नको."

"येतोयस? सुट्टी मिळाली?" तिला इतका आनंद झाला की पुढचं काही सुचलंच नाही.

"तू सांगितलंस की आलो."

तिने डक्टच्या खिडकीकडे एकदा बघितलं, टॅब तोंडाशी नेला आणि एकेक अक्षर कुजबुजत त्याला पासवर्ड सांगितला. हातिमने ते लिहून घेतलं नाही. ओठ मात्र हलवले, प्रत्येक अक्षराला, तिच्या बरोबरीने.

कॉल संपल्यावर तिला आठवलं, पासवर्ड बदलल्याचं आपण त्याला कधी बोललोच नव्हतो.

"तू सांगितलंस?" तिने शहाताला विचारलं.

"मी? तुझी अब्रू मी पोरासमोर काढू?"

मग मीच बोलले असेन, असं तिने ठरवलं. माणूस बोलतो आणि विसरतो. वयही झालं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी हज्जा एतमाद दारात आल्या त्या हसतच. त्यांनी खास इन्शिराहसाठी आपल्या फोनमध्ये नेटचं कार्ड टाकून घेतलं होतं.

"आणि ऐक तर खरं! काल असरनंतर त्यावर हातिमचा कॉल आला. बिचारा कासावीस झालाय गं. म्हणतो, इतके दिवस घरी करतोय, नुसती रिंग जाते, कुणी उचलत नाही. मी म्हटलं, बाळा, राउटर जळलाय. तर म्हणतो, हज्जा, आईला सांगा, मी ठीक आहे. आज पुन्हा करणार आहे. तू ये माझ्याकडे."

काल असरनंतर. काल असरनंतर इन्शिराह टॅब तोंडाशी धरून हातिमशीच बोलत होती.

अहो हज्जा, काहीतरीच काय, मी रोज बोलते त्याच्याशी, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. ते बोलली असती तर सगळंच बोलावं लागलं असतं. तिने ते वाक्य गिळून टाकलं. हज्जांना वाटलं, आईचं मन भरून आलंय. त्यांनी तिला जवळ घेतलं, आणि त्यांच्या कुशीत इन्शिराहला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारीचा गोंधळ झाला असेल. कुणी दुसराच हातिम असेल. घरात आल्यावर ती असं काहीबाही जुळवत होती, तोच टॅब वाजला. एवढ्या सकाळी हातिम कधी करत नसे.

तिने उचलला. तोच चेहरा, स्वच्छ. मागे तीच भिंत, हिरवी आणि चुन्याची. पण आज हातिम थोडा बाजूला उभा होता, आणि हिरव्या रंगावर एक लांब ओरखडा दिसत होता, खालून वर तिरका गेलेला. तो ओरखडा तिच्या ओळखीचा होता. फ्रिज वर चढवताना हमालांच्या हातून भिंतीला घासला होता. याच इमारतीच्या जिन्यात, पहिल्या मजल्यावर.

"हातिम," ती म्हणाली, "कुठे आहेस तू?"

"वर येतोय," तो म्हणाला.

तिने टॅब बंद केला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि पलंगाच्या खणात कोंबला. मग दार उघडून जिन्यात गेली. कठड्यावरून वाकून खाली बघितलं. लख्ख उजेड होता, खालच्या मजल्यावरची मांजर पायरीवर अंग चाटत बसली होती. जिन्यात कुणी नव्हतं. पण तिला तिथे उभं राहावंसं वाटेना.

"दार लावून घे," ती आत येऊन शहाताला म्हणाली. "आणि आज कुणी आलं तर उघडू नकोस."

"का? आता कुणाला खोटं सांगितलंस?"

ती स्वतःच जाऊन कडी घालून आली.

६

असरनंतर ती हज्जांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. हज्जांनी चहा केला, पुदिना घातला. खिडकी उघडी होती, आणि डक्टपलीकडे इन्शिराहचं स्वतःचं स्वयंपाकघर दिसत होतं. तिची बादली, तिचा ओटा, आणि दारातून पलीकडच्या जेवणाच्या टेबलाची एक फाक. आपलं घर असं परक्या खिडकीतून तिने कधी बघितलं नव्हतं.

फोन वाजला. हज्जांनी तो दोघींना ऐकू येईल असा करून टेबलावर ठेवला.

"आई?" आधी घरघर आली, इंजिनाची. मग खोकला. "आई, आहेस का? अगं किती दिवस! तो डुक्कर मुकादम मला वर येऊ देत नाही, आणि आलो तर तुम्ही उचलत नाही."

इन्शिराहने दोन्ही हात टेबलावर टेकले. हा तिचा हातिम होता. यात शंका घ्यायला तिळाएवढीही जागा नव्हती.

"आई, एक कळत नाही मला. हज्जा म्हणतात राउटर जळला. पण मग रिंग कशी जाते? जळलेल्या राउटरवर रिंग जात नाही. घरी नेट आहे, आई. मग उचलत का नाही कुणी?"

हज्जांच्या हातातला चमचा ग्लासात थांबला.

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इन्शिराहने मान वर केली नाही.

"राउटर जळलेला नाही, हज्जा. मी पासवर्ड बदलला. तुम्हाला तोडायला. तुमच्या मालिकेपायी पॅक संपायचा, आणि तोंडावर सांगायचा धीर झाला नाही मला."

तिला वाटलं, आता त्या ओरडतील, चहाचा ग्लास उचलून घेतील. तसं झालं असतं तर बरं होतं.

"मालिकेपायी?" हज्जा हळूच म्हणाल्या. "अगं, मला नको म्हणायचंस. रेडिओ आहे की माझ्याकडे." मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "पण पोरी, तू पोराची शपथ घेतली होतीस."

"कसली शपथ?" फोनमधून हातिमने विचारलं.

तेवढ्यात पलीकडे, इन्शिराहच्या घरात, दारावरची घंटा वाजली.

डक्टमध्ये आवाज कसा येतो ते तिला चांगलं ठाऊक होतं. शहाताची खुर्ची करकरली. त्याच्या चपला फरफटत गेल्या. "कोण?" त्याने विचारलं. उत्तर ऐकू आलं नाही. मग कडी.

"अबू हातिम!" ती खिडकीशी धावली. "उघडू नको! अबू हातिम!"

"अरे!" शहाताचा आवाज आनंदाने फाटला. "अरे माझ्या राजा! न कळवता? ये, ये, आत ये!"

"आई," फोनमधून हातिम म्हणाला, "बाबा कुणाशी बोलतायत?"

तिने खिडकीच्या चौकटीला धरलं आणि डक्टमध्ये तोंड घालून ओरडली. सात पिढ्यांत कुणी ओरडलं नसेल असं. "मी खोटं बोलले! ऐका सगळे! माझ्या घरात नेट आहे! शपथ खोटी होती, मी मागे घेते! ऐकताय ना? मी खोटं बोलले!"

वर एक खिडकी उघडली, खाली दोन. कुणाचा तरी नळ बंद झाला. साऱ्या जिन्याच्या बायका आपापल्या ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही, हेच तिला नवल वाटलं.

शहाता स्वयंपाकघरात आला. हातात ताट, आणि ते काचेच्या कपाटातलं होतं, सोनेरी काठाचं. समोर तिला बघून त्याचं तोंड आधी हसलं, मग शरमलं.

"काय आरडाओरडा लावलायस? सगळे ऐकतायत. अगं, ये की घरी. हातिम आलाय. भुकेलंय पोरगं."

त्याच्या मागे टेबलाच्या फाकीत कुणीतरी बसलेलं होतं. पाठ तेवढी दिसली. शर्ट हातिमचा होता, मान हातिमची होती. तो चमचा हातात धरून वाट बघत होता, जेवण्याआधी आईची वाट बघावी तशी, आणि अगदी हलत नव्हता. इन्शिराह बघत राहिली. त्या पाठीने एकदाही श्वास घेतला नाही.

मग त्या दोघांत काहीतरी हळू बोलणं झालं. शहाताने मान डोलावली, ओशाळून तिच्याकडे बघितलं, आणि आतून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

मागे हज्जा एतमादांनी फोन उचलून तिच्यापुढे धरला होता. हातिमने विचारलं, घरघरीच्या वर आवाज चढवून, लहानपणी अंधारात विचारायचा तसं.

"आई, कोण आलंय घरी?"

कुणी नाही रे बाळा, शेजारचे आहेत, असं म्हणणं अगदी सोपं होतं. पण हज्जांसमोर पुन्हा खोटं बोलायची तिला लाज वाटली.

"तू," ती म्हणाली.